अल्टोची मागची सीट: भाऊबीजेआधीच्या प्रकल्प नोंदी

रविवार, २२ सप्टेंबर २०२४

गाडी आमची अल्टो ८००, २०१४ सालची. मागे बसणाऱ्या दोघी: आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दोन्ही गुडघे दुखरे, आणि त्यांची धाकटी बहीण, मावशी, यांची कंबर धरते. वाट साताऱ्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने चिपळूण, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. चिपळूणच्या मामांना आता प्रवास झेपत नाही, त्यामुळे भाऊबीजेला बहिणींनीच तिकडे जायचं ठरलंय. भाऊबीज ३ नोव्हेंबरला आहे. त्याआधी मागची सीट अशी करायची, की चिपळूणला उतरल्यावर आईंना दाराला धरून उभं राहावं लागू नये.

गाडी बदलायची नाही. खर्च चार हजारांच्या आत. सीटचा लोखंडी सांगाडा, सीटबेल्टचे बोल्ट आणि पुढच्या सीटचे रूळ यांना हात लावायचा नाही. करायचं ते कव्हरच्या आत किंवा गाडीच्या खाली.

आज फक्त मापं घेतली. मागे बसूनच घेतली, दारात वाकून नाही. दारातून पाहिलं तर जागा पुरेशी वाटते. आत बसून दार लावलं की गुडघा कुठे लागतो, खांदा कुठे अडतो आणि पाय कुठे ठेवायचा हे कळतं.

सीटच्या पुढच्या कडेची जमिनीपासून उंची: २८५ मिमी.
आईंच्या गुडघ्यामागच्या खळगीपासून टाचेपर्यंत: ३९० मिमी.

निम्मा प्रश्न या दोन आकड्यांतच आहे. पाय जमिनीला टेकवले की गुडघे वर येतात आणि मांड्या सीटपासून सुटतात. सगळा भार बुडाच्या दोन हाडांवर आणि माकडहाडावर पडतो. पाटावर पाय खाली सोडून बसल्यासारखी ही बैठक आहे, आणि तशी साडेतीन तास बसायची.

मंगळवार, २४ सप्टेंबर

कॉलेजात दोन तास रिकामे होते. लहान गाडीत मागेच का त्रास होतो, हे नीट लिहून काढलं.

आमच्या अल्टोची लांबी ३३९५ मिमी, रुंदी १४९०, उंची १४७५. लांबीचा आकडा योगायोगाने आलेला नाही. जपानमध्ये केई नावाचा छोट्या गाड्यांचा सरकारी वर्ग आहे. त्याची मर्यादा लांबीला ३४०० मिमी, रुंदीला १४८० आणि उंचीला २०००. सुझुकीचं घराणं त्याच मापात वाढलेलं. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर २३६० मिमी. जुन्या मारुती ८०० मध्ये ते २१७५ होतं, म्हणजे त्या मानाने ही ऐसपैसच.

केईच्या नियमात उंचीला मात्र २ मीटरपर्यंत मुभा आहे. तिचा फायदा घेऊन सुझुकीने १९९३ साली जपानमध्ये वॅगनआर काढली. आपल्याकडे १९९८ मध्ये सँट्रो आणि पुढच्याच वर्षी वॅगनआर आली, तेव्हा उंच छताच्या या गाड्यांना लोक हसले होते. पण त्यामागचं गणित पक्कं आहे. माणूस खुर्चीवर बसतो तसा ताठ आणि उंच बसला, की पाय खाली सोडता येतात आणि त्याला पुढे-मागे कमी जागा लागते. नॅनो तर फक्त ३०९९ मिमी लांब, पण उंची १६५२. इंजिन मागच्या सीटखाली ढकललेलं. म्हणून अल्टोपेक्षा जवळजवळ फूटभर आखूड असूनही तिच्यात मागे गुडघ्यांना मोकळं वाटतं. १९५९ च्या मूळ मिनी या ब्रिटिश गाडीत तिचा रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिस याने इंजिन आडवं बसवून बहुतेक सगळी जमीन माणसांना आणि सामानाला दिली, तो विचार याच जातीचा.

अल्टो बुटकी आहे. छत खाली, म्हणून सीट खाली, म्हणून गुडघे वर. सीट सरसकट उंच केली तर मावशींचं डोकं छताला लागेल.

उंची बुडाखाली वाढवायची नाही, फक्त मांडीखाली वाढवायची. पाठीकडे शून्य, पुढच्या कडेला जास्त, अशी पाचर. कंबर आहे तिथेच राहील, डोकं आहे तिथेच राहील, मांडीला आधार मिळेल. सगळा प्रकल्प या एका कल्पनेवर उभा करायचा.

दुसरं कारण धक्क्यांचं. पुढचा माणूस पुढच्या आणि मागच्या चाकांच्या साधारण मधोमध बसतो. गाडी पुढे-मागे झुलते तेव्हा मधला भाग कमीत कमी हलतो. मागची सीट जवळजवळ मागच्या चाकांवरच आहे, त्यामुळे खड्ड्याचा दणका थेट वर येतो. चाक १२ इंची, टायर १४५/८० आर १२, म्हणजे टायरची भिंत ११६ मिमी. एवढंसं चाक खड्ड्यात मोठ्या चाकापेक्षा खोल उतरतं.

रविवार, २९ सप्टेंबर

आज एक पैसाही खर्च न करता वीस मिलिमीटर मिळाले.

मागे खाली तीन थर होते: गाडीचं मूळ कार्पेट, त्यावर जाडजूड सेव्हन-डी मॅट, त्यावर पायपुसणं. सेव्हन-डी मॅट दिसायला झकास, पण ती जमीनच वर आणते. मागची मॅट आणि पायपुसणं काढून पातळ रबरी मॅट टाकली. सीटच्या कडेची उंची २८५ वरून ३०५ झाली. छोट्या गाडीत ही मॅट मागे घालूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या गाडीत वीस मिलिमीटर कुणाला जाणवणार नाहीत. इथे जाणवतात.

पुढच्या सीटखाली छत्री, जुनं फडकं, हवा भरायचा पंप आणि पाण्याची बाटली निघाली. सगळं डिकीत. पाय पुढच्या सीटखाली सरकला की गुडघ्याचा कोन उघडतो आणि मांडी आपोआप थोडी खाली टेकते. आईंना बसवून पाहिलं. म्हणाल्या, "अगं, पाय जातोय की आत."

पुढच्या सीटच्या पाठीमागच्या खिशात पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटाचे पुडे कोंबायची सवयही बंद. तो खिसा फुगला की नेमका गुडघ्यासमोर येतो.

शनिवार, ५ ऑक्टोबर

गॅरेज. गाडी आम्ही वापरलेली घेतली होती. आधीच्या मालकाने मागच्या स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबरी बफर बसवून घेतलेले निघाले. गाडी मागे बसू नये म्हणून बरेच जण ते बसवतात. गाडी वर राहते हे खरं, पण तेवढे वेढे दबायचे थांबतात, स्प्रिंग कडक होते आणि मागच्या माणसाची पाठ मोडते. दोन्ही बाजूंचे काढले. डाव्या शॉकअपमधून तेल झिरपत होतं, वरचे बुशही झिजले होते. दोन्ही शॉकअप जोडीनेच बदलले. एक नवा आणि एक जुना ठेवला तर वळणावर गाडी वेगळी वागते. हा खर्च चार हजारांत धरलेला नाही. मागे कुणी बसो न बसो, तो करावाच लागणार होता.

हवा: पंपावर "पस्तीस टाकू?" असं विचारतात आणि आपण मान डोलावतो. कंपनीने चालकाच्या दाराच्या कडेला पट्टी चिकटवलेली असते, त्यावर रिकाम्या आणि भरल्या गाडीचा दाब दिलेला असतो. टायर थंड असताना तेवढीच हवा भरायची. लहान टायरमध्ये दोन-चार पौंड जास्त झाले तरी मागे दगडावर बसल्यासारखं होतं.

रविवार, ६ ऑक्टोबर

पोवई नाक्याजवळच्या कुशनवाले काकांकडे गेले. दसरा तोंडावर, दुकानात पाऊल ठेवायला जागा नव्हती. खंडेनवमीला गाडीची पूजा करायची म्हणून सगळ्यांना नवी कव्हरं आत्ताच हवीत.

"ताई, दसऱ्यापर्यंत हात रिकामा नाही बघा. काय, फोम वाढवायचाय का? मऊ करून देतो मस्त, सोफ्यागत."

त्यांना कागदावर पाचर काढून दाखवली. मऊ नको, पुढे उंच हवं, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग टेप काढून माझी मापं स्वतः पडताळली. हा माणूस मला तिथेच आवडला.

मऊ का नको, हे त्यांना सांगितलं तेच इथे लिहिते. बसलेल्या माणसाच्या अंगाला उभे हादरे सगळ्यात जास्त लागतात ते सेकंदाला ४ ते ८ या वेगाचे. आयएसओ २६३१ या मानकात हाच पट्टा सर्वात संवेदनशील धरलाय. जाड मऊ फोमवर माणूस बसला, की फोम आणि माणूस मिळून एक स्प्रिंग तयार होते. तिचा स्वतःचा झोका सेकंदाला चारच्या आसपास पडतो. म्हणजे जे हादरे अंगाला सर्वात त्रास देतात, तेच असा फोम वाढवून देतो. दुकानात हाताने दाबून पाहिलं तर सुखद वाटतं, खऱ्या रस्त्यावर तासाभरात पोट ढवळतं.

डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, हेही काकांशी बोलणं झालं. चाळीस डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला चाळीस किलो माल. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो. तो किती कडक, हे वेगळं असतं. काका म्हणाले, "गिऱ्हाईक आकडा मागतं, आम्ही आकडा देतो."

बुधवार, १६ ऑक्टोबर

पहिली पाचर तयार. खाली रिबॉन्डेड फोम, म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेला कडक माल. त्यावर १० मिमी एचआर फोम, म्हणजे दाबला की लगेच मूळ आकारात येणारा. पुढच्या कडेला एकूण ४० मिमी, मागे निमुळती होत शून्य. लांबी २५० मिमी, कारण बुडाखाली ती जाताच कामा नये.

काकांनी काप कसा घेतला ते पाहण्यासारखं होतं. रिबॉन्डेडला लांब पातळ सुरी लागते. पात्याला ते मधूनमधून मेणबत्ती घासत होते, नाहीतर पातं फोममध्ये अडकतं आणि काप लाटेसारखा येतो. दोन्ही टोकांना खडूने रेघ मारली, सुरी दोन्ही हातांनी धरली आणि एका दमात ओढली. पृष्ठभाग असा आला की रंधा मारलाय. मग सोल्यूशन लावून थर चिकटवले, वर लाकडी फळी आणि फळीवर शिलाई मशीनचं जुनं डोकं ठेवून दिलं.

पुढच्या कडेला गोलाई ठेवली आहे. ती धारदार राहिली तर गुडघ्यामागची शीर दबते आणि पायाला मुंग्या येतात. आईंच्या खळगीच्या पन्नास मिलिमीटर अलीकडेच पाचर संपते.

ती कुठे बसवायची यावर आमची थोडी चर्चा झाली. मूळ गादीखाली, पत्र्यावर ठेवली असती तर काम लवकर झालं असतं, पण मग गादीचे पुढचे हूक पूर्ण बसत नाहीत. धडक झाली तर सुटी गादी माणसासकट पुढे येईल. म्हणून पाचर मूळ फोमच्या वर, कव्हरच्या आत. जागेवरून हलू नये म्हणून खाली वेल्क्रोच्या दोन पट्ट्या.

रविवार, २० ऑक्टोबर

उंब्रजपर्यंत जाऊन आलो. नवरा गाडी चालवायला, मी मागे. फोनमधलं हादरे मोजायचं अ‍ॅप चालू केलं. एका खेपेला फोन जमिनीवर चिकटवला, एका खेपेला सीटवर मांडीखाली. वेग तोच, रस्ता तोच. काकांनी हौसेने दिलेला मऊ फोमचा तुकडाही पाचरीच्या जागी घालून पाहिला.

फोन म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, त्यामुळे आकडे लिहीत नाही. पण आलेखाचा आकार बोलका आहे. मऊ तुकड्यावर, गतिरोधकानंतर जमीन शांत झाली तरी सीट आणखी दोन-तीन झोके घेत राहते. कडक पाचरीवर जमिनीबरोबरच सीटही थांबते. शॉकअप बदलल्याचा परिणाम तर आलेख न बघताही कळतो.

आणखी एक दिसलं. सध्याचं कव्हर रेक्झिनचं आहे. वळणावर साडी त्यावरून सरकते, आणि सरकू नये म्हणून आपण नकळत पायाने जमीन रेटत राहतो. दुखऱ्या गुडघ्याला हे रेटणंच बाधतं. घाटात तर प्रत्येक वळणावर. रेक्झिन पुसायला सोपं म्हणून सगळे घेतात, पण मागच्या सीटला खरखरीत कापडच हवं. काकांना फोन करून कापडाचं कव्हर सांगितलं, शिलाईसकट. पाठीला कमरेजवळ २० मिमीची पातळ गादीही त्यातच. त्यापेक्षा जाड नको, नाहीतर ती बुड पुढे ढकलते आणि मांडीची मिळवलेली लांबी परत जाते.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

कव्हर बसलं. सीटबेल्टची कुलपं कव्हराखाली गाडली गेली नाहीत ना, ते आधी पाहिलं. बाजारातल्या तयार कव्हरांत ती हमखास गाडली जातात, आणि मग मागचा बेल्ट कुणी लावतच नाही.

आईंना बेल्ट लावायला शिकवायला संध्याकाळ गेली, आणि ती कारणी लागली. त्यांचं म्हणणं, बेल्ट पोटावर दाबतो आणि निऱ्यांची गाठ रुतते. म्हणजे पट्टा चुकीच्या जागी होता. खालचा पट्टा पोटावर नसतो, तो ओटीपोटाखाली कमरेच्या हाडांवर, मांड्या सुरू होतात तिथे बसायला हवा. निऱ्या खोचल्यावर गाठ वर राहते आणि पट्टा तिच्या खालून जातो. पदर आधी मोकळा करून घ्यायचा, वरचा पट्टा खांद्याच्या मध्यावरून घ्यायचा, मग पदर त्यावरून. तसं लावल्यावर म्हणाल्या, "असा लावला तर काहीच होत नाही गं."

सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि पोलिसांनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर काही दिवस सगळीकडे मागच्या बेल्टची चर्चा झाली. नियम आधीपासूनच होता. आमच्या घरात तो आता पाळला जाणार, कारण बसणारीला तो रुतत नाही. आराम आणि सुरक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला आता वाटत नाही. पाचरीचंही तेच. सीटची पुढची कड उंच आणि कडक असली की ब्रेकच्या धक्क्याला माणूस पट्ट्याखालून पुढे निसटायला अडतो. मऊ गादी घातली असती तर उलट झालं असतं.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

गारव्याचं काम. मागे एसीचे झरोके नाहीत. पुढच्यांना गार होतं, ते एसी कमी करतात आणि मागच्या घामाघूम होतात. मधले दोन झरोके वर, छताच्या दिशेने सरळ केले. गार हवा छताला लागून मागे जाते आणि डोक्यावर उतरते. चेहऱ्यावर झोत घ्यायची सवय पुढच्यांनी सोडायची, एवढंच.

मावशींनी काळ्या काचांचं विचारलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली काळ्या फिल्मवर बंदी घातली. बाजूच्या काचेतून निदान ५० टक्के आणि मागच्या काचेतून ७० टक्के प्रकाश आत यायलाच हवा. शिवाय घाटात मळमळ होऊ नये म्हणून बाहेरचं दिसणं गरजेचं आहे. कान सांगतो आपण वळतोय, डोळ्यांसमोर मात्र पुढच्या सीटची पाठ, जी हलतच नाही. या विसंगतीनेच उलटी होते. पुढच्या सीटचं डोकं टेकायचं उशीसारखं कव्हर काढलं, मधून रस्ता दिसायला लागला. मावशींना मधल्या फटीतून समोर बघायला सांगितलं आहे.

रविवार, ३ नोव्हेंबर, भाऊबीज. चिपळूण

पहाटे निघालो. मागे दोघीच. आरसी बुकात पाच माणसं लिहिलेली असली, तरी आतून दारादारांत जेमतेम सव्वा मीटर रुंदीत तीन मोठी माणसं म्हणजे प्रत्येकीने खांदा तिरका करून बसणं. लांबच्या प्रवासाला या गाडीत मागे दोघीच, हे आता घरात ठरलं.

उंब्रजहून मल्हारपेठपर्यंत दोघी बोलत होत्या. पाटणला चहाला थांबलो. आई स्वतः उतरल्या: आधी दोन्ही पाय बाहेर, मग दाराच्या चौकटीला धरून उभं राहणं. चढतानाही तसंच, आधी बुड टेकवायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. एक पाय आत आणि एक बाहेर ठेवून अंग पिळायचं नाही. हेळवाकनंतर घाट सुरू झाला, मावशी समोर बघत राहिल्या. त्यांना आवळासुपारी लागली, पिशवी लागली नाही.

पोफळीला खाली उतरल्यावर मी मागे वळून विचारलं. आईंचं उत्तर: गुडघे ठीक, पण डावा खांदा दारावर घासून दुखतोय. दाराच्या हात टेकायच्या जागेची कड कडक आहे, तिथे कोपर राहत नाही आणि खांदा लटकतो. हे माझ्या मापांत नव्हतंच. नोंद केली.

मामा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. आई दारातून चालत त्यांच्यापर्यंत गेल्या, दाराला धरून थांबल्या नाहीत.

रविवार, १० नोव्हेंबर

पाचर काढून पाहिली. पुढच्या कडेला ४० ची ३७ मिमी झाली आहे, तीही डावीकडे, आईंच्या बाजूला. एचआरचा वरचा थर बसलाय, रिबॉन्डेड जसाच्या तसा आहे. वरचा थर दिवाळीच्या दिवाळी बदलायचा. स्वस्त काम आहे.

खर्च: पाचर, कमरेची गादी, कापडी कव्हर आणि शिलाई मिळून ३,४५०. शॉकअप आणि बुश वेगळे.

काकांनी पाचरीचा कागदी नमुना दुकानात ठेवून घेतला आहे. दोन गिऱ्हाइकांना दाखवला म्हणे, एक जण वॅगनआरवाला. त्यांना सांगितलं, नमुना तसाच कापू नका. वॅगनआरची बैठक मुळात उंच आहे, तिथे ४० मिमी घातले तर उंचीने कमी असलेल्या बाईचे पाय जमिनीवरून उचलले जातील. आधी बसणाऱ्या माणसाची खळगीपासून टाचेपर्यंतची उंची घ्यायची, मग सीटची घ्यायची, आणि पाचर त्या फरकापेक्षा उंच करायची नाही. त्यांनी भिंतीवर खडूने ही दोन मापं लिहून ठेवली.

दाराच्या कडेसाठी १२ मिमी एचआरची पट्टी आणि वर तेच कापड. काच खाली-वर करायचा हात अडता कामा नये, त्यामुळे पट्टी हँडलच्या मागे १८० मिमीच. पुढच्या शनिवारी गाडी दुकानात नेते.